डॉक्टरांचं जांभळं प्रवाळ

मुलांचे डॉक्टर पुष्कळ असतात. फोन उचलणारे थोडे. असा एक डॉक्टर मिळाला की त्याला जिवापाड जपायचं, त्याच्याशी कधी वाकड्यात शिरायचं नाही आणि त्यानं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही, असं ठमीच्या आईनं ठरवून टाकलं होतं. ठमी अजून वर्षाची व्हायची होती, पण तेवढ्यात तिच्या आईनं डॉक्टरांना विचारलेल्या शंकांवर एखाद्या विद्यापीठाला प्रश्नपत्रिका काढता आली असती. ठमी डाव्या कुशीवर जास्त झोपते, उजवी बाजू रागावेल का? ठमीला एकच शिंक आली. दुसरी का आली नसेल? ठमी पंख्याकडे बघून हसते, म्हणजे डोळे चांगले आहेत की डोकं बिघडलंय? डॉक्टर सगळं ऐकून घेत. मध्येच "हं" म्हणत. शेवटी "काही होत नाही" म्हणत. हे तीन शब्द ऐकले की ठमीच्या आईला रात्री झोप लागे.

त्यामुळे दवाखान्याचं नूतनीकरण निघालं आणि डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन "तुमच्याकडे एक काम होतं" म्हटलं, तेव्हा ती ऐकायच्या आधीच "हो" म्हणाली.

काम दवाखान्यातल्या काचेच्या टाकीत होतं. टाकीत खारं पाणी, पाण्यात निळा उजेड आणि उजेडात एक जांभळं प्रवाळ. फुलदाणीसारखं नव्हे, झुडपासारखं. बोटाएवढ्या फांद्या आणि प्रत्येक फांदीवर मखमलीची लव.

"भिंती फोडणार, धूळ होणार," डॉक्टर म्हणाले. "मासे बहिणीकडे पाठवतोय. पण हे तिच्याकडे द्यायची माझी हिंमत नाही. तिच्याकडे निवडुंगसुद्धा वाळतो. हे फार नाजूक असतं. पाणी बिघडलं की गेलं. आणि खरं सांगू? तुमच्याइतकं बारीक लक्ष ठेवणारं माणूस मी सगळ्या प्रॅक्टिसमध्ये पाहिलेलं नाही."

हे वाक्य तिनं घरी येऊन नवऱ्याला दोनदा ऐकवलं. ठमीच्या बाबानं दोन्ही वेळा चहाचा कप तोंडासमोर धरला. कपामागे तो हसत होता की काय, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

"अगं, पण ते मेलं तर?" कप खाली ठेवून त्यानं विचारलं.

"मेलं तर मी त्यांना कुठल्या तोंडानं फोन करू?"

"तेच म्हणतोय."

पाळण्यात ठमीनं एक हुंकार दिला आणि तिची आई सवयीनं मोबाइलकडे धावली.

नवी टाकी आली ती टीव्हीच्या जागी. टीव्ही सासूबाईंच्या खोलीत गेला, त्यामुळे या प्रकल्पाला सासूबाईंचा पाठिंबा पहिल्याच दिवशी मिळाला. प्रवाळ मागाहून यायचं होतं. आधी पाणी तयार व्हायला हवं म्हणून डॉक्टरांनी दवाखान्यातल्या टाकीतले काही दगड पुढे पाठवले. ठमीच्या आईनं पिशवी उघडली. दगडांवर हिरवट शेवाळ होतं. तपकिरी काहीतरी होतं. एका भोकातून एक केसाळ किडा बाहेर डोकावला आणि तिला बघून परत आत गेला.

आता ज्या घरात खेळण्यातला खुळखुळासुद्धा उकळून निघतो, त्या घरात असे दगड आल्यावर दुसरं काय होणार? तिनं ते बाटल्यांच्या ब्रशनं खसाखसा घासले आणि ठमीच्या दुधाच्या बाटल्या वाफवायच्या यंत्रात ठेवले. बटण दाबलं. वाफ आली. आणि वाफेबरोबर जे आलं, त्याचं वर्णन करायला भाषेत शब्द आहेत, पण ते घरात बोलायचे नाहीत. समुद्रावर विसरून आलेल्या मोज्यात कुणी तरी अंडं उबवत ठेवावं, तसा तो वास होता. समोरच्या काकू नाकाला पदर लावून दारात आल्या.

"अगं, काही मेलंय का तुमच्याकडे?"

"नाही हो काकू. दगड निर्जंतुक करतेय."

काकूंनी तिच्याकडे बघितलं, मग ठमीकडे बघितलं आणि ठमीच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेल्या. जाताना जिन्यात त्या "बाळंतपणानंतर होतं असं काहींना" असं कुणाला तरी सांगत होत्या, ते स्पष्ट ऐकू आलं.

माशांच्या दुकानाचा मालक मात्र अजिबात कनवाळू निघाला नाही. तो आधी हसला, मग गिऱ्हाइकांना बोलावून हसला. "मॅडम, दगडात जंतू असतात म्हणून तर दगड ठेवतात. ते जंतूच टाकीतली घाण खातात. तुम्ही सगळी वस्तीच उठवलीत की!" मग त्यानं कपाटातून एक बाटली काढली. "ही घ्या. आत कोट्यवधी आहेत. जिवंत. हलवून ओता."

तर अशा रीतीनं जिनं लग्नापासून फक्त जंतू मारण्याचंच काम केलं होतं, ती बाई पैसे मोजून जंतू घेऊन घरी आली. बाटली पिशवीत ठेवली, ती पिशवी आणखी एका पिशवीत ठेवली आणि ठमीपासून लांब, गॅलरीत ठेवली. मग हात धुतले. मग परत धुतले.

"फार नको धुऊस," ठमीचा बाबा आतून ओरडला. "पैसे देऊन आणलेत, मरतील!"

ते वाफेचं यंत्र पुन्हा दुधाच्या बाटल्यांसाठी वापरायचा प्रश्नच नव्हता. दुसरं आणावं लागलं. जुनं यंत्र ठमीच्या बाबानं अंडी उकडायला मागितलं, तेव्हा त्याच्याशी संध्याकाळपर्यंत कुणी बोललं नाही.

पाणी तयार होतंय न होतंय तोच सोसायटीचे सेक्रेटरी आले. सेक्रेटरी हा गृहस्थ एरवी साधा आहे, पण हातात नियमावली आली की त्याचा आवाज बदलतो. समोरच्या काकूंकडून त्यांना बातमी लागली होती.

"घरात पाळीव प्राणी आणताय असं कळलं. लेखी परवानगी लागते."

"प्राणी नाही हो," सासूबाई म्हणाल्या. "झाडासारखं काहीतरी आहे."

"झाड असेल तर बाग समितीकडे जावं लागेल. मुळं खाली गेली आणि स्लॅब फुटला तर जबाबदार कोण?"

"मुळं नसतात त्याला," ठमीची आई म्हणाली. "हात लावून बघितलंत तर दगडच आहे."

"दगड?" सेक्रेटरींनी पान उलटलं. "मग वजनाचा मुद्दा आला. इंजिनिअरचा दाखला लागेल. नक्की काय ते एकदा ठरवा. प्राणी, झाड की दगड?"

इथे ठमीच्या बाबानं तोंड उघडायला नको होतं. पण त्यानं आदल्या दिवशीच ऑफिसात बसून प्रवाळाबद्दल सगळं वाचून काढलं होतं, आणि नवीन वाचलेलं पोटात ठेवणं त्याला लहानपणापासून जमत नाही. "तिन्ही!" तो उत्साहानं म्हणाला. "म्हणजे बघा, मुळात प्राणी. इवलाले हजारो प्राणी. त्यांच्या अंगात सूक्ष्म वनस्पती राहतात, त्या उजेडावर अन्न करतात. आणि हे प्राणी स्वतःभोवती दगडाचं घर बांधतात."

"बांधकाम पण?" सेक्रेटरींनी पेनाचं टोपण काढलं.

शेवटी बऱ्याच चर्चेनंतर प्राणी ठरलं, कारण तिन्हींत प्राण्यांचीच फी कमी होती. पण प्राण्याला लस टोचल्याचा दाखला हवा. कुठल्याही प्राण्याला. नियमात तसं स्पष्ट होतं. ठमीची आई दोन दिवस घराबाहेर पडली की लोक "टोचलं का त्याला?" म्हणून विचारायचे. अखेर तिनं डॉक्टरांनाच गाठलं, आणि डॉक्टरांनी आपल्या लेटरहेडवर, ज्यावर वरच्या कोपऱ्यात हसणाऱ्या बाळाचं चित्र आहे, लिहून दिलं: 'सदर प्रवाळ माझ्या देखरेखीखाली असून लसीकरणाची आवश्यकता नाही. वाढ वयानुसार समाधानकारक.' सेक्रेटरींनी ते फायलीला लावलं. शेवटच्या वाक्यानं त्यांचं विशेष समाधान झालेलं दिसलं.

आणि प्रवाळ आलं.

डब्यातून काढून टाकीत ठेवलं तेव्हा सगळं घर टाकीभोवती जमलं. थोड्या वेळानं फांद्यांवरची लव हळूहळू बाहेर आली आणि पंपाच्या पाण्याबरोबर डुलायला लागली. ठमी बाबाच्या कडेवर होती. ती तोंड उघडं टाकून बघत राहिली. लाळ गळाली तीही तिच्या लक्षात आली नाही. ठमीच्या आईनं फोटो काढला. निळ्या उजेडात जांभळं प्रवाळ आणि कडेला सासूबाईंचा हात, बांगडीसकट. डॉक्टरांना पाठवला. डॉक्टरांनी टाळ्यांचं चित्र पाठवलं. जीव भांड्यात पडला.

तिथे थांबायला हवं होतं. पण जिच्या लक्ष देण्याची खुद्द डॉक्टरांनी तारीफ केली, ती थांबते कशी? पाण्याचं तापमान ती उठल्यावर बघायची, आंघोळीनंतर बघायची, भाजी फोडणीला टाकून बघायची. थर्मामीटरवर विश्वास नव्हता असं नाही, पण वरून कोपरही बुडवून बघायची, ठमीच्या आंघोळीच्या पाण्यात बुडवते तसं. फांदीवर एक कण बसला की चमच्यानं हळूच वारा घालायची. आणि पाणी आटायचं. उघडी टाकी, वर दिवा. रोज थोडं आटायचंच. "कमी झालेलं भरत चला," दुकानदारानं बजावलं होतं. ती भरत होती. समुद्रातला प्राणी, तर समुद्राचंच पाणी, असा सरळ हिशेब करून दुकानातलं मीठ मोजून कालवायची आणि भरायची. पाण्यातला खारेपणा मोजायचा काटाही होता. तो तिनं पहिल्या दिवशी लावून बघितला, बरोबर आला, म्हणून धुऊन पुसून कपाटात ठेवला. तापमान वरखाली होतं, ते बघावं लागतं. मीठ काय, पळून जातं का कुठे?

काही आठवड्यांनी लव बाहेर येईना. मग टोकं फिकी पडली. मग जांभळा रंग असा उतरत गेला, जसा नव्या परकराचा पहिल्या धुण्यात उतरतो. ठमीच्या आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं दिवा कमी केला. ठमीच्या बाबानं येऊन वाढवला. समोरच्या काकूंनी "आपल्या अंगठीतलं पोवळंसुद्धा फिकं पडतं, साबणानं" असं सांगून दिलासा दिला. दुकानदारानं फोनवर "प्रत्येकाचा स्वभाव असतो मॅडम" असं म्हणून दोन नव्या बाटल्या गळ्यात मारल्या.

आणि डॉक्टर विचारायला लागले. "कसं आहे आमचं लेकरू?"

ठमीच्या आईनं आयुष्यात डॉक्टरांपासून शिंकसुद्धा लपवली नव्हती. पण आता हात आपोआप त्या पहिल्या दिवसाच्या फोटोवर गेला. तोच पाठवला. पुढच्या वेळी थोडा कापून पाठवला. त्याच्या पुढच्या वेळी उलटा करून पाठवला. डॉक्टर खूश होते. मग एके दिवशी त्यांनी विचारलं, "छानच दिसतंय हो. पण आजी कायम टाकीपाशीच उभ्या असतात का?"

"त्यांना फार लळा लागलाय," ठमीच्या आईनं उत्तर दिलं. पलीकडे सासूबाई टीव्हीवर मालिका बघत होत्या.

"मग मी येऊनच बघतो. तिकडूनच जायचंय मला."

"नको! म्हणजे, घरात सर्दी आहे."

मुलांच्या डॉक्टरला घरी न येण्यासाठी सर्दीचं कारण सांगणारी बाई जगात एकच असेल. "मग तर येतोच," डॉक्टर म्हणाले. "ठमीला बघायलाच हवं." तिनं कशीबशी सर्दी ठमीच्या बाबावर ढकलली. मोठ्या माणसांच्या सर्दीत डॉक्टरांना रस नव्हता, म्हणून भेट पुढे गेली. ठमीचा बाबा मात्र त्यापुढे दवाखान्यात जाताना आठवणीनं शिंकायचा.

एके दुपारी ठमीची आई टाकीसमोर खुर्ची टाकून बसली होती. डोळे भरलेले. जीव अर्धा झालेला. ज्या माणसानं आपल्या विश्वासावर एवढी वस्तू दिली, त्याला उद्या काय सांगायचं? आणि परवा ठमीला ताप आला तर कुणाला विचारायचं? मागून सासूबाई आल्या. टाकीत डोकावल्या. आणि स्वयंपाकघरात कढईजवळ आल्यावर त्या जे करतात तेच, अगदी तसंच, कुणी अडवायच्या आत त्यांनी केलं. बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"मीठ जास्त झालंय," सासूबाई म्हणाल्या.

ठमीची आई ताडकन उठली. वरणात झालंय, भाजीत झालंय, सगळं ऐकून घेतलं होतं. आता समुद्रातही?

"अहो आई, ते खारंच असतं! समुद्राचं पाणी आहे ते! मी मोजून मीठ घालते. रोज पाणी आटतं, तेवढंच भरते मीठ घालून. पाणी आटतं, मीठ काही आटत…"

ती थांबली. तोंड तसंच उघडं.

पाणी आटतं. मीठ आटत नाही. मीठ तिथेच राहतं. आणि त्यावर आपण रोज नवं मीठ ओतत राहिलो. विज्ञानात पदवी घेतलेल्या बाईनं, नातेवाईक फोटो काढत असताना टोपी उडवून घेतलेल्या पदवीनिशी, प्रवाळाचं लोणचं घालायला घेतलं होतं!

कपाटातून काटा काढला. बुडवला. काटा मापाच्या पलीकडे जाऊन टेकला, आणखी जायला जागा असती तर गेला असता.

"बघ," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मी काही उगाच म्हणत नाही." हे वाक्य आता बाकीच्या सगळ्या जुन्या भाज्यांनाही लागू झालं, हे ठमीच्या आईला तत्क्षणी कळलं, पण तो विचार करायला वेळ नव्हता.

दुकानदाराला फोन लागला. एकदम गोडं पाणी ओतू नका, तो म्हणाला, धक्का बसेल, थोडं थोडं. मग घरात एक वेगळंच पर्व सुरू झालं. एक तांब्या खारं पाणी बाहेर, एक तांब्या गाळलेलं गोडं पाणी आत. खारेपणा उतरायचा तोही असा हळू, की बघणाऱ्याला वाटावं घरात काही चाललेलंच नाही. ठमीचा बाबा ऑफिसला जाताना एक तांब्या. काकू "बघायला" येत, त्यांच्या हातून एक. सेक्रेटरी गच्चीतल्या टाकीच्या पाण्याची तक्रार ऐकायला आले, तर त्यांच्याही हातात तांब्या दिला. त्यांनी तो नियमानुसार काठोकाठ भरून ओतला. आणि सासूबाई मोजमापाच्या प्रमुख. काटा लावायच्या आधी त्यांचं बोट, मग काटा. दोन्ही जुळले की त्या काट्याकडे "शिकतोय हळूहळू" अशा नजरेनं बघत.

आणि सगळ्यांत अवघड काम ठमीच्या आईकडे होतं: बाकी काही करायचं नाही. दिवा हलवायचा नाही, चमच्यानं वारा घालायचा नाही, कोपर बुडवायचं नाही. ती हात मागे बांधून टाकीसमोरून जायची. एकदा तर तिनं ठमीला पोटाशी धरून ठेवलं, फक्त हात गुंतलेले असावेत म्हणून.

मग एका सकाळी ठमी "अऽऽ" म्हणाली आणि तिच्या आईनं बघितलं, तर एका फांदीवर लव होती. एवढीशी. दुसऱ्या फांदीवरही. ती ओरडली तेव्हा ठमीचा बाबा अर्धी दाढी करून आला, काकू कणकेच्या हातानं आल्या आणि सगळ्यांनी मिळून इतका आरडाओरडा केला, की ती लव घाबरून परत आत गेली. संध्याकाळी आली.

दवाखाना पूर्ण झाला आणि डॉक्टर प्रवाळ न्यायला आले. हातात झाकणाचा डबा, अंगात नवा कोट. दारात काकू, त्यांच्यामागे सेक्रेटरी. प्राणी इमारतीबाहेर जाताना त्यांनी हजर राहायचंच असतं.

डॉक्टर टाकीत वाकले. "वा. छान. पण…" त्यांनी भुवई उंचावली. "फोटोत जास्त जांभळं दिसत होतं, नाही का?"

रंग अजून पुरता भरला नव्हता. आता सांगून टाकायलाच हवं होतं. तिनं मोठा श्वास घेतला. "डॉक्टर, खरं म्हणजे ते फोटो…"

"थांबा, आधी काढून घेतो. फार नाजूक असतं हं हे," डॉक्टर सगळ्यांना उद्देशून म्हणाले आणि बाही वर सारून हात आत घातला. "कसं धरायचं, हे माहीत लागतं. दाब अजिबात…"

टक्.

बिस्कीट मोडावं तेवढाच आवाज झाला. डॉक्टरांच्या हातात एक फांदी होती. बाकीचं प्रवाळ टाकीतच होतं.

मग ठमी खुदकन हसली आणि डॉक्टरांचा चेहरा असा पांढरा पडला, की ठमीच्या आईला ओळखीचं काहीतरी वाटलं.

"ही… ही निघाली," डॉक्टर म्हणाले. "आता काय होईल?"

"आधी बसा," ठमीची आई म्हणाली. तिनं त्यांच्या हातातून फांदी अलगद घेतली, बुडखा कागदानं टिपला, माशांच्या दुकानातून अशाच वेळेसाठी आणून ठेवलेला दाट गोंद लावला आणि ती एका लहानशा दगडावर दाबून धरली. "हे चिकटतं. याचं वेगळं झाड होतं. मोठं तुम्ही घेऊन जा, तुटलेल्या जागी भरून येईल."

"नक्की?"

"नक्की."

"पांढरं पडलं तर?"

"पडेल थोडं. लगेच काही करायला जाऊ नका. आणि आटलं की साधंच पाणी भरायचं बरं का, मिठाचं नाही."

"असं होय?" डॉक्टर म्हणाले. "ते सगळं कंपनीचा माणूस यायचा तो बघायचा. मी फक्त…" ते थांबले. "मी फक्त बघायचो."

"डॉक्टर, त्या फोटोंचं सांगायचं होतं मला."

"फोटोंचं राहू द्या हो," डॉक्टर घाईनं म्हणाले आणि आवाज खाली आणला. "हे दवाखान्यात कुणाला सांगू नका. आणि ती फांदी… ती तुमच्याकडेच राहू दे. माझ्यापेक्षा तुमच्याकडे बरी."

मोठं प्रवाळ तिनं स्वतः उचलून डब्यात ठेवलं. डॉक्टर तो डबा छातीशी धरून जिना उतरले, एकेक पायरी बघत.

दुसऱ्या दिवशी ती ठमीला भरवत होती तेव्हा फोन वाजला. ती बोलली, ठेवला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिनं मान वाकडी करून खांद्याशी धरला, ठमीच्या तोंडात घास दिला आणि म्हणाली, "हं… हं… लव आत ओढून घेतलीय का? घेणारच. नवी जागा आहे. दिवा जरा कमी ठेवा आणि पुढ्यात बसून राहू नका… नाही हो, काही होत नाही."

"कोण गं सारखं सारखं?" सासूबाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"डॉक्टर."

"एवढा शिकलेला माणूस आणि इतका घाबरट?"

"घाबरट नाही हो आई," ठमीची आई ठमीचं तोंड पुसत म्हणाली. "पहिलंच आहे ना त्यांचं."